दूध-अंडी घेणारा माणूस कत्तलीच्या बाहेर असतो का?

पायवाट :

प्राण्यांच्या हक्कांची चर्चा निघाली की ती मांसावर सुरू होते आणि मांसावरच संपते. खाणारे एकीकडे, न खाणारे दुसरीकडे. न खाणाऱ्यांपैकी बरेच जण मग निर्धास्त असतात, की आपल्या ताटापायी कुणाचा जीव जात नाही. मला या निर्धास्तपणाबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की आज ज्या पद्धतीने दूध आणि अंडी तयार होतात त्यात कत्तल आहेच. ती चुकून होत नाही, धंद्याच्या हिशेबातच धरलेली असते.

आधी अंड्याचं सांगते. अंड्यांसाठीच्या कोंबड्या आणि मांसासाठीच्या कोंबड्या या आता अगदी वेगळ्या जाती आहेत. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही भरत नाही, म्हणजे त्याला पोसणं हा नुसता खर्च. त्यामुळे उबवणी केंद्रात पिल्लं बाहेर आली की पहिल्याच दिवशी त्यांची निवड होते. सरकत्या पट्ट्यावरून पिल्लं येत राहतात, काम करणारा एकेक उचलतो, पिसांचा रंग किंवा पंखांच्या पिसांची लांबी बघतो, नाहीतर शेपटीखाली दाबून बघतो, आणि माद्या एका खोक्यात, नर दुसरीकडे. नरांना वायू सोडून गुदमरवतात किंवा वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या यंत्रात टाकतात. जगभरात वर्षाला अशी ६ ते ७ अब्ज पिल्लं मारली जातात असा अंदाज आहे. अंडं मोकळ्या रानात वाढलेल्या कोंबडीचं असो की पिंजऱ्यातल्या, कोंबडीचा भाऊ बहुतेक वेळा याच वाटेने गेलेला असतो.

आणि बहिणीचं काय होतं? कोंबडीची पूर्वज असलेली लाल रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी घालते. आजची कोंबडी ३०० च्या आसपास घालते. प्रत्येक कवचाला लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतूनही ओढलं जातं, त्यामुळे छातीचं हाड मोडणं हे या पक्ष्यांत सर्रास दिसतं. दीड-दोन वर्षांत अंडी कमी झाली की तिलाही काढून टाकतात.

दुधाची गोष्ट सावकाश उलगडते, म्हणून ती नजरेत येत नाही. गाय व्याल्याशिवाय दूध नाही. नऊ महिने गाभण, मग साधारण १० महिने दूध, त्यातच पुन्हा रेतन. दर वेताला एक वासरू, आणि वासरांतले निम्मे नर. २० वर्षांपर्यंत जगू शकणारी गाय मोठ्या दुग्धव्यवसायात पाच-सहा वर्षांची झाली की बाद होते, कारण दूध उतरलेलं असतं, ती गाभ धरत नसते, किंवा पाय आणि कास बिघडलेली असते. तिचं आणि गोऱ्ह्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हा वाद नवा नाही. १९४४ साली ब्रिटनमध्ये व्हीगन सोसायटी (कुठलेच प्राणिजन्य पदार्थ न घेणाऱ्यांची संघटना) स्थापन झाली ती याच मुद्द्यावर. डॉनल्ड वॉटसन आणि त्याचे सोबती आधीच मांस सोडलेल्यांच्या संघटनेत होते. दुग्धजन्य पदार्थही न घेणाऱ्यांसाठी संघटनेच्या नियतकालिकात वेगळी जागा द्यावी अशी त्यांची मागणी होती. ती नाकारली गेली, म्हणून ते बाहेर पडले. म्हणजे दूध हा या विचाराचा शेवटचा, टोकाचा टप्पा नव्हता. सुरुवातच तिथून झाली.

यात कुठे चुकत असेन तर सांगा. मांस सोडून दूध-अंडी चालू ठेवण्यामागे जी नैतिक रेषा आहे, ती नक्की कुठे काढलेली आहे?

दुसरी बाजू :

माहितीबद्दल वाद नाही. पण तिच्यावरून निष्कर्षाकडे जाताना तुम्ही एक पायरी गाळली आहे. दुःख देणं वाईट, मान्य. मारणं वाईट का, हे मात्र वेगळं दाखवून द्यावं लागेल.

इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमचं नाव या चर्चेत नेहमी येतं. १७८९ साली त्याने लिहिलं की प्राणी विचार करतात का, बोलतात का हा प्रश्नच नाही, त्यांना वेदना होतात का हा खरा प्रश्न. हे सगळे सांगतात. त्याच मजकुरात त्याआधी तो म्हणतो की त्यांना खायला हरकत नसावी, कारण पुढे काय होणार याची त्यांना आधीपासून धास्ती नसते, आणि आपल्या हातचं मरण निसर्गातल्या मरणापेक्षा बहुधा झटपट आणि कमी वेदनेचं असतं. हे फारसं कुणी सांगत नाही.

माणसाला मारणं भयंकर, कारण त्याचे बेत असतात, अर्धवट कामं असतात, स्वतःच्या पुढच्या आयुष्याची कल्पना असते. गायीला पुढच्या वर्षीचा बेत नसतो. मग मोकळ्या कुरणात सुखाने वाढलेलं आणि न घाबरवता, बेशुद्ध करून मारलेलं जनावर घ्या. त्याचं नक्की काय हिरावलं? शिवाय आपल्याला दूध-मांस नको असतं तर ते जन्मालाच आलं नसतं. त्याच्या पदरात चांगली पाच वर्षं तर पडली.

रानवारा :

वनस्पतींनाही जीव असतोच की. मग काय खायचं?

पायवाट :

रानवारा, जीव असणं आणि जाणवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वनस्पती उजेडाला, स्पर्शाला, कीड लागल्यावर प्रतिसाद देतात, पण वेदना अनुभवायला लागणारे मज्जातंतू किंवा मेंदू त्यांच्यात नाहीत. आणि समजा त्यांनाही वेदना होत असतील असं धरलं, तरी जनावर स्वतः वनस्पतींवरच वाढतं आणि खाल्लेल्यातला मोठा भाग स्वतःचं शरीर चालवण्यातच खर्च करतं. वनस्पतींची काळजी असणाऱ्याने तर थेट वनस्पतीच खाव्यात, कारण त्यात एकूण वनस्पती कमी लागतात.

दुसरी बाजू, तुमचा प्रश्न खरा अवघड आहे, त्यावर नीट लिहिते.

गायीला पुढच्या वर्षीचा बेत नसतो, हे असेलही. पण मरणाने नुकसान व्हायला बेत असावाच लागतो का? तान्ह्या मुलालाही बेत नसतो. ज्याची स्मृती पूर्ण गेली आहे अशा म्हाताऱ्या माणसालाही नसतो. त्यांना न दुखवता मारलं तर काही हिरावलं नाही, असं आपण म्हणत नाही. पुढे त्यांच्या वाट्याला येऊ शकणारं ऊन, स्पर्श, खाणं, सोबत, झोप हे सगळं आपण काढून घेतलं, हे आपल्याला स्पष्ट दिसतं. ते त्यांना आधी मनात मांडता येत होतं की नाही, याने फरक पडत नाही. गायीलाही हे सगळं मिळत असतं. तिच्या आयुष्याचं बरंवाईट तिच्या स्वतःच्या बाजूने घडत असतं, बघणारा कुणी असो वा नसो. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रेगनने १९८३ मध्ये हक्काची बाजू मांडताना याच गोष्टीवर भर दिला होता. जो स्वतःचं आयुष्य जगतो आहे, ज्याला ते चांगलं किंवा वाईट जातं, त्याला निव्वळ साधन म्हणून वापरता येत नाही. त्या वापरातून एकूण जगाचं सुख वाढत असलं तरीही नाही.

‘जन्मालाच आलं नसतं’ हा मुद्दा मला कधीच पटलेला नाही. जो अस्तित्वातच नाही त्याच्यावर उपकार कसा होणार? आणि उपकार झाला असं धरलं, तरी जन्म देणाऱ्याला मारण्याचा अधिकार मिळतो हे कुठून आलं? आईबापांना तो अधिकार आपण देत नाही.

बेंथॅमबद्दल तुम्ही सांगितलं ते बरोबर आहे. पण ज्या दोन गोष्टींवर त्याने मारण्याचं समर्थन केलं त्या तपासून बघा. झटपट मरण आणि धास्ती नसणं. कत्तलखान्यापर्यंतचा लांबचा प्रवास, अनोळखी जनावरांत कोंबणं, पुढच्याच्या रक्ताचा वास, आणि दर तासाला इतकी जनावरं पुढे सरकली पाहिजेत हा वेग, यातून त्या अटी किती पाळल्या जात असतील?

गोठ्यातला :

मी जनावरं पाळतो. वडिलांपासूनचा धंदा आहे. बाहेरून बोलणाऱ्यांचा मला राग येतो, पण पायवाटताईंनी धंद्याची माहिती नीट घेतलेली दिसते म्हणून लिहितो.

मोठ्या यांत्रिक गोठ्यात वासरू पहिल्या काही तासांत, फार तर दिवसाभरात बाजूला काढतात. चीक बाटलीने पाजतात. कारण असं देतात की आईची आणि वासराची ओढ पक्की व्हायच्या आत वेगळं केलं तर दोघांनाही त्रास कमी. यात तथ्य आहे. मी चार-पाच दिवसांनी वेगळं करून पाहिलं आहे, ते जास्त वाईट. गाय दाव्याला ताण देऊन उभी राहते, कान वासराच्या आवाजाकडे, वैरण समोर पडलेली असते तिला तोंड लावत नाही. हंबरून हंबरून आवाज बसतो. कास तटतटलेली असते तरी पान्हा सोडत नाही. दोन-तीन दिवसांनी शांत होते. ती विसरते की गप्प बसते, हे मला सांगता येणार नाही.

पण एक प्रश्न मलाही विचारायचा आहे. आता अशा रेतमात्रा मिळतात ज्यातून दहांतल्या साधारण नऊ वेळा कालवडच होते. गोऱ्हा जन्मालाच येत नसेल तर तुमचा अर्धा आक्षेप गेला ना? अंड्यांतही तसं तंत्र निघालं आहे असं वाचलं.

पायवाट :

गोठ्यातला, तुम्ही हे इतक्या खरेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

अंड्यांचं तंत्र खरंच आहे. उबवत असतानाच आतला गर्भ नर आहे की मादी हे तपासता येतं. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर कायद्याने बंदी घातली, फ्रान्सनेही त्याच सुमारास तसा नियम केला. मला हे मोलाचं वाटतं. अब्जावधी पिल्लं त्या पट्ट्यावर येणारच नसतील तर ते का नको असेल?

पण अर्धा आक्षेप जातो असं मला वाटत नाही. कोंबडी दीड-दोन वर्षांनी जाते ती जातेच. गायीच्या बाबतीत तर हिशेब नवीच अडचण उभी करतो. दर वेताला कालवड झाली, तर गोठा किती वेगाने वाढेल? एक गाय बाद होते तेव्हा तिच्या जागी एकच कालवड लागते. उरलेल्यांचं काय करणार? म्हणून व्यवहारात असं होतं की मोजक्या चांगल्या गायींना कालवडीची रेतमात्रा देतात आणि बाकीच्यांना मांसाच्या जातीच्या वळूची, म्हणजे ती वासरं मांसासाठी विकता येतात. नको असलेला गोऱ्हा गेला आणि त्याच्या जागी मांसासाठीच जन्माला घातलेलं वासरू आलं. गाय दुधात राहायची तर तिला विण्यावाचून गत्यंतर नाही, आणि विणारी प्रत्येक गाय पोसता येईल त्याहून जास्त जीव जगात आणते. हे गणित कुठल्या तंत्राने सुटत नाही.

दवाखान्यातून :

नैतिक बाजूवर मी बोलत नाही, पण हे वाचून उद्यापासून सगळं बंद करणारे असतील म्हणून एवढं लिहिते. बी-१२ हे जीवनसत्त्व फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पतींत त्याचा भरवशाचा स्रोत नाही. मोठ्या माणसाची गरज दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅमची, पण ती भागली नाही तर रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, तोल जाणं आणि पुढे मज्जातंतूंचं कायमचं नुकसान. यकृतात साठा असतो, त्यामुळे काही वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस समजतो की आपल्याला गोळीची गरज नाही. हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांत त्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि मज्जातंतू मात्र आतून खराब होत राहतात.

गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घेतले तर हा प्रश्न सुटतो. नीट आखलेला संपूर्ण वनस्पतिजन्य आहार पुरेसा असतो, असं अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये म्हटलं होतं. त्यातला ‘नीट आखलेला’ हा भाग गाळू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, तान्ही मुलं यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नका. आईत बी-१२ कमी असलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

बांधावरून :

मी पिकवतो. वनस्पतिजन्य अन्न रक्तहीन असतं हा समज काढून टाका. नांगरटीत उंदरांची बिळं पिलांसकट फुटतात. कापणीच्या यंत्राखाली साप, ससे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी येतात. गोदामात उंदीर मारावे लागतात. कीटक तर मोजतच नाही कुणी. एक मोठं जनावर कुरणावर वाढवून त्यावर महिनोन्‌महिने कुटुंब जेवत असेल, तर मेलेल्या जिवांची संख्या तिथे कमी भरेल.

आणि दुसरं, सगळी जमीन नांगरण्याजोगी नसते. शेतीखाली धरलेल्या जगातल्या जमिनीपैकी सुमारे दोन तृतीयांश ही चराऊ जमीन आहे. खडकाळ, उताराची, कोरडी. तिथल्या गवतातून माणसाचं अन्न काढायचं काम जनावरच करतं. आणि शेणखत? ते नसेल तर जमिनीत काय घालायचं ते पण सांगा.

पायवाट :

बांधावरून, पहिला मुद्दा मी टाळणार नाही. पीक काढताना जीव मरतात, आणि कीटकनाशकाचा विचार केला तर प्रचंड संख्येने मरतात. यातून कुणी पूर्ण सुटत नाही, मीही नाही. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशीच मर्यादा घातलेली आहे.

पण ‘एक जनावर कुरणावर’ हे चित्र किती लोकांना पुरेल? दरवर्षी जगात ८० अब्जांहून जास्त जमिनीवरचे प्राणी मारले जातात, त्यात फार मोठा वाटा कोंबड्यांचा. कोंबडी आणि डुक्कर कुरणावर वाढत नाहीत. त्यांच्यासाठी मका आणि सोयाबीन लावावं लागतं, म्हणजे तुमच्याच नांगराखालचे उंदीर आणि साप त्यांच्यासाठीही मरतात, आणि वर तो पक्षीही मरतो. २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या आकडेवारीवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की जगातली ८३ टक्के शेतजमीन प्राणिजन्य अन्नासाठी गुंतलेली आहे आणि त्यातून माणसाला १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं मिळतात. प्राणिजन्य अन्न पूर्ण सोडलं तर शेतीखालची जमीन ७६ टक्क्यांनी कमी लागेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यात तुमची खडकाळ चराऊ जमीन आलीच, पण नांगराखालची जमीनही कमी होते.

त्या मोकळ्या झालेल्या उतारावर माणसाने अन्न काढलंच पाहिजे असं कुठे आहे? तिथे रान परत येऊ दे.

खताचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि हिरवळीचं खत, द्विदल पिकांची फेरपालट, कंपोस्ट अशी उत्तरं सांगणं सोपं आणि शेतावर उभं करणं किती अवघड हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जिथे दुसरं काही पिकतच नाही तिथे जनावरांवर जगणाऱ्या लोकांना मी काही सांगायला जाणार नाही. माझा प्रश्न त्यांना आहे ज्यांच्यासमोर फळीवर दहा पर्याय मांडलेले आहेत.

काठावरची :

मासे यात कुठे बसतात? मी मांस सोडलं, मासे सोडले नाहीत, कारण त्यांना वेदना होत नाहीत असं ऐकत आले.

दुसरी बाजू :

याचं उत्तर मी देतो, कारण इथे माझं आणि पायवाट यांचं एकमत असावं. २००३ मध्ये शास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर प्रयोग केले. ओठांत ॲसिटिक ॲसिड टोचल्यावर ते मासे टाकीच्या तळाच्या खडीवर ओठ घासत, खाणं टाकत, श्वासाचा वेग वाढे. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर वेदनाशामकाने एवढा फरक पडला नसता. काही अभ्यासकांना हे अजून मान्य नाही, पण संशयाचा फायदा माशाला द्यावा असं मला वाटतं. २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारख्या प्राण्यांच्या जाणिवेला लागणारी यंत्रणा मान्य केली. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने खेकडे, शेवंडं आणि ऑक्टोपस यांना संवेदनक्षम धरलं. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून शेवंड बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकता येत नाही.

शिंपल्यांचं मात्र वेगळं. त्यांना मेंदू नाही, काही मोजक्या मज्जागाठी आहेत. ते खाण्यात नैतिक अडचण आहे असं मला वाटत नाही.

पायवाट :

शिंपल्यांबद्दल मी ठाम बोलू शकत नाही, म्हणून मी खात नाही. पण तिथे कुणाशी भांडायलाही जाणार नाही. बाकी पूर्ण सहमत.

शून्य तडजोड :

पायवाट, जर्मनीच्या कायद्याला तुम्ही मोलाचा म्हणालात ते मला खटकलं. असल्या सुधारणांनी फक्त गिऱ्हाईकाचं मन शांत होतं. पिंजरा थोडा मोठा केला, डब्यावर हिरवं पान छापलं, की माणूस दुप्पट समाधानाने अंडी घेतो. गुलामगिरी असताना साखळी हलकी करा अशी मागणी करायची नसते. मालकी संपली पाहिजे. प्राणी ही मालमत्ता आहे तोवर त्याचं हित मालकाच्या नफ्यासमोर हरणारच.

पायवाट :

मालमत्तेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि अखेर मालकी संपावी हेच मलाही हवं आहे. पण आज पिंजऱ्यात उभी असलेली कोंबडी त्या दिवसापर्यंत जगणार नाही. युरोपीय संघात जुन्या पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा असे, म्हणजे छापायच्या ए-फोर कागदापेक्षा कमी. पंख पसरता येत नाहीत, धुळीत अंग घुसळता येत नाही, अंडं घालायला आडोसा नाही. २०१२ पासून ते पिंजरे बंद झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या पिंजऱ्यांत ७५० चौरस सेंटिमीटर, बसायला दांडी आणि आडोसा द्यावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला हा फरक क्षुल्लक. आत राहणारीला वर्षभर दांडीवर बसता येणं क्षुल्लक नाही. आपल्या विचाराच्या शुद्धतेसाठी तिने तेवढंही गमवावं, हे मी म्हणू शकत नाही.

तुमची भीती मात्र पोकळ नाही. पिंजरेच नकोत या मागणीवर युरोपात सुमारे १४ लाख सह्या झाल्या, २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने कायद्याचा प्रस्ताव २०२३ पर्यंत आणण्याचं आश्वासन दिलं, आणि २०२३ संपलं तरी तो आला नाही. सुधारणेवर विसंबून कुणी झोपू नये, एवढं नक्की.

पिंजऱ्याबाहेर :

औषधांच्या प्रयोगांवर कुणी बोललं नाही. मी प्रयोगशाळेत काम केलं आहे. १९५९ पासून तीन तत्त्वं शिकवली जातात : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. सौंदर्यप्रसाधनांसाठीचे प्रयोग आणि त्या मालाची विक्री युरोपीय संघाने २०१३ मध्ये पूर्ण बंद केली. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती कायद्यातून काढली. पण आज सगळे प्रयोग थांबवले तर काही आजारांवरचं काम थांबेल, हे खरं आहे. ताटातला प्रश्न आणि हा प्रश्न एकाच तागडीत घालू नका. एकात गरज आहे, दुसऱ्यात बहुतेक वेळा सवय.

दुसरी बाजू :

बरंच वाचून झालं, आता माझी भूमिका पुन्हा मांडतो. वेदनारहित मरणाने प्राण्याचं काही नुकसान होत नाही, या मतापासून मी थोडा मागे आलो आहे. तान्ह्या मुलाच्या उदाहरणाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मूल पुढे बेत करणारा माणूस होणार असतं, हे म्हणता येईल, पण स्मृती गेलेल्या म्हाताऱ्याला ते लागू पडत नाही. तरी माणसाचं मरण आणि गायीचं मरण सारख्याच वजनाचं आहे, हे मी मानत नाही.

आणि मानायची गरजही नाही असं दिसतं. माझी मूळ अट होती सुखाचं आयुष्य आणि न घाबरवता आलेलं मरण. बाजारात मिळणारं जवळपास कुठलंच दूध किंवा अंडं त्या अटीत बसत नाही. म्हणजे हक्क न मानताही, माझ्याच निकषावर, मला ते विकत घेता येत नाही. ‘अशी आदर्श गाय असू शकते’ हे सांगून मी रोजच्या वेगळ्याच गायीच्या दुधाचं समर्थन करत होतो, तो युक्तिवाद टिकत नाही.

काठावरची :

हे मला लागू पडलं. मी मासे आजपासून थांबवते. दुधाचं अजून ठरवलेलं नाही.

गोठ्यातला :

तुम्हा लोकांना थांबवता येतं. माझ्याकडे आत्ता जिवंत जनावरं आहेत. उद्या सगळ्यांनी दूध सोडलं तर त्यांना कोण पोसणार? वासरू आईजवळ ठेवून उरेल तेवढंच दूध काढायचं, असंही काही लोक करतात. मी दोन गायींबाबत तसं करतो आहे. गायी शांत असतात, वासरं दणकट होतात, दूध बरंच कमी मिळतं. पण वासरू गोऱ्हा असेल तर पंधरा-वीस वर्षं त्याला वैरण कोण घालणार, हा प्रश्न तसाच राहतो.

पायवाट :

सगळे एका दिवसात सोडणार नाहीत, त्यामुळे गोठे रातोरात ओस पडणार नाहीत. मागणी हळूहळू कमी होईल तशी रेतनं कमी होतील. माझ्या मते धंद्यात निर्णयाची खरी जागा तीच आहे. आत्ता उभ्या असलेल्या गायीला तिचं आयुष्य जगू द्यायचं आणि पुढचं रेतन करायचं नाही. गोऱ्ह्याचा आयुष्यभराचा खर्च दुधाच्या किमतीत धरला तर दूध इतकं महाग होईल की ते रोजच्या वापरात राहणारच नाही. आज ते परवडतं, कारण तो खर्च गोऱ्हा स्वतः भरतो. आणि हा बदल फक्त पाळणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या सरकारांनी अनुदानं देऊन हे धंदे वाढवले त्यांनी त्यातून बाहेर पडणाऱ्यांनाही तसाच हात द्यायला हवा.

गोठ्यातला :

तो हात येईल तेव्हा येईल. माझ्या दोन कालवडी आता माजावर येतील. एकीला या खेपेला भरवत नाही, बघतो कसं जमतं ते. आणि म्हाताऱ्या दोन गायी विकायला काढल्या होत्या, त्या विकत नाही. बांधावरून दादा, तुम्ही शेणखताचं म्हणालात. भाकड जनावराच्या शेणावर त्याच्या वैरणीचा खर्च कितपत निघतो, याचा हिशेब तुमच्याकडे आहे का?

बांधावरून :

मोठी गाय दिवसाला १० किलोच्या वर ओलं शेण देते, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांच्या पुढे. कुजून त्याचं वजन बरंच कमी होतं. विकत घेतलेली वैरण त्यातून निघणार नाही. बांधावरचं गवत, पिकाचा काड, उरलेला चारा यावर ठेवलीत तर फार तर तोटा कमी होईल. गोमूत्र वाया जाऊ देऊ नका, नत्राचा मोठा भाग त्यातच असतो. गोठ्यात काडाचा जाड थर अंथरा, तो भिजला की तोच खड्ड्यात टाका, आणि खड्ड्यावर सावली ठेवा, नाहीतर उन्हाने नत्र उडून जातं. दोन जनावरांचं खत माझ्या शेताला चालेल. बदल्यात काड मी देतो.